त्या पिक्चरचा शेवट मी सांगितला होता

ही हकीकत खरी सांगायचं मी फार वर्षं टाळत आलो. खोटी मात्र पुष्कळदा सांगितली. लग्नाच्या पंगतीत सांगितली, निरोपसमारंभात सांगितली, सिल्वासातल्या डोकमर्डीच्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी बाकावर बसून सांगितली, आणि दर वेळी लोक हसले. आता ऐंशीच्या घरात आलो आहे. ऐकणारे बरेचसे गेले. उरलेल्यांना तीच खोटी गोष्ट पाठ आहे, म्हणून लिहायला बसलो.

किस्सा असा सांगितला जातो. सिल्वासातल्या एका यार्नच्या फॅक्टरीत एक निवृत्त फौजी गेटवर वॉचमन होता. त्याने मारधाडीचा एक इंग्रजी पिक्चर पाहिला. लढाईवरून परतलेल्या सैनिकाचा. तो पिक्चर त्याच्या डोक्यात गेला, आणि खंडेनवमीच्या दिवशी त्याने बंदूक घेऊन शेठच्या म्हाताऱ्या आईवर झडप घातली. मग शेठच्या गाडीखाली लपून बसला. बाहेर काढता काढता सगळ्यांच्या नाकी नऊ आले.

यात गाडीखाली लपल्याचं तेवढं खरं आहे.

मी त्या फॅक्टरीत पर्सोनेल ऑफिसर होतो. मूळचा नाशिकचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथे करसवलतीमुळे एकामागून एक कारखाने उभे राहत होते, आणि नाशिक-पुण्याकडची आमच्यासारखी माणसं चार पैसे जास्त मिळतात म्हणून बिऱ्हाडं घेऊन येत होती. कामगार बहुतेक धुळे-नंदुरबारकडचे, थोडे इथलेच वारली, थोडे उत्तरेकडचे. भरती, रजा, शिस्त, सणवार हे सगळं माझ्या टेबलावरून जायचं. शेठ मुंबईला राहत. महिन्यातून एकदा येत आणि खंडेनवमीला सहकुटुंब.

फौजी साक्री तालुक्यातल्या एका खेड्यातले. स्वतःची परवान्याची बाराबोर बंदूक असलेला माजी सैनिक गेटवर असला की कारखान्याची शान वाढते असं तेव्हा मानत, म्हणून मीच त्यांना ठेवून घेतलं होतं. चाळिशीचे असतील. एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडच्या आघाडीवर होते एवढं माहीत होतं. उंच, वाळके, इस्त्रीच्या खाकी कपड्यातले. बोलणं कमी. कामगारांचे डबे तपासताना झाकण स्वतः उघडत नसत, ज्याचा डबा त्यालाच उघडायला सांगत, आणि आत पाहून झालं की ‘जेव पोटभर’ म्हणत. तेव्हा मी त्यांना अरे-तुरे करायचो. आज लिहिताना ते जमत नाही, म्हणून ‘ते’ लिहितो आहे.

तर पिक्चर. फॅक्टरीत रविवारी दुपारी पॅकिंग हॉलमध्ये भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर आणून पिक्चर दाखवायची पद्धत मीच सुरू केली होती. कामगारांनी सुट्टीच्या दिवशी दमणला दारू प्यायला जाऊ नये, हा हेतू. पुठ्ठ्याच्या खोक्यांचे ढीग मागे सरकवायचे, खाली गोणपाट अंथरायचं, ऑफिसरांच्या बायकांसाठी खुर्च्या. एका रविवारी कॅसेटवाल्याने हिंदी पिक्चर नाही म्हणून इंग्रजी दिला. तोवर हॉल भरला होता. मग मी टीव्हीशेजारी उभा राहून सगळ्यांना हिंदीत समजावून सांगायचं ठरवलं. कॉलेजात इंग्रजी चांगलं होतं, असा माझा समज.

पिक्चरमधल्या माणसांचं निम्मं बोलणं मला कळत नव्हतं. ती तोंडातल्या तोंडात बोलत. पण हॉलभर डोकी माझ्याकडे वळलेली, पहिल्या खुर्चीत माझी बायको. ‘कळत नाही’ म्हणायची सोय नव्हती. जे कळलं ते सांगितलं, जे कळलं नाही ते रचलं. लढाईवरून परतलेला एक सैनिक पाठीवर पिशवी टाकून एका गावात येतो. त्याला खायला हवं असतं. गावचा पोलिस त्याला गाडीत बसवून गावाबाहेर सोडतो, तो परत येतो, मग त्याला धरून मारहाण करतात आणि तो जंगलात पळतो. ‘इसका दिमाग लड़ाई में खराब हो गया है,’ असं मी सांगितलं. तसं पडद्यावर कोणी म्हणालं होतं की नाही, देव जाणे.

फौजी ड्यूटीवर होते. हॉलच्या दारात हात मागे बांधून उभे होते. सैनिकाला गावाबाहेर सोडल्याचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी दारातूनच विचारलं,

“साहेब, त्याला जेवायला कोणी विचारलं नाही का?”

“हॉटेल बंद होतं,” मी म्हणालो.

हॉल हसला. फौजीही किंचित हसले आणि गेटवर निघून गेले. पाव तासापेक्षा जास्त त्यांनी तो पिक्चर पाहिला नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

पुढे मारामारी रंगात आली. एकटा माणूस साऱ्या पोलिसांना पुरून उरतो म्हणताना लोक शिट्ट्या मारत होते. आणि ऐन वेळी लाइट गेली. इथे तेव्हा लाइट गेली की संध्याकाळपर्यंत यायची नाही. लोक हलेनात. शेवटी काय होतं ते सांगा म्हणून मागे लागले. हा पिक्चर मीही पहिल्यांदाच पाहत होतो. पण ते कबूल कसं करायचं? मी शेवट सांगितला. तो पुरता वेडा होतो, सगळं गाव जाळतो, बायका-पोरंही पाहत नाही, आणि शेवटी त्याचेच साहेब त्याला गोळी घालतात. लोकांना शेवट आवडला.

संध्याकाळी घरी जाताना गेटवर फौजींनी मला थांबवलं. शेवटी त्याचं काय झालं, असं विचारलं. हॉलमध्ये सांगितलं तेच मी सांगितलं. ते थोडा वेळ दांडी धरून उभे राहिले, मग माझ्यासाठी गेट उघडलं.

दुसऱ्या दिवसापासून कामगार त्यांना ‘हिरो’ म्हणू लागले. बाराबोरवाला, उंच, लढाईवरून आलेला, एवढं साम्य पुरेसं होतं. डबा उघडताना पोरं म्हणत, ‘हिरो, गोली मत मारना.’ मीही म्हणायला लागलो. शेठचा फोन आला की मीठमसाला लावून सांगायचो, आपल्या गेटवर पिक्चरमधल्यासारखा माणूस आहे, दहा जणांना एकटा भारी. शेठना गंमत वाटली. खंडेनवमीला त्याच्यासोबत सगळ्यांचा फोटो काढू, म्हणाले.

खंडेनवमीचं इथलं प्रस्थ बाहेरच्यांना सांगावं लागेल. त्या दिवशी सगळ्या मशिनी बंद. आदल्या दिवशी घासूनपुसून त्यांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू. कामगार बायकामुलांना घेऊन आत येतात, एरवी त्यांना गेटच्या आत पाऊल टाकता येत नाही. गेटवरची बंदूकसुद्धा पाटावर ठेवून पूजतात. पूजा झाली की फटाक्यांची माळ. त्यात शेजारपाजारच्या कारखान्यांची चढाओढ असे. कोणाची माळ जास्त वेळ वाजली याची चर्चा पुढे दिवाळीपर्यंत चाले.

खंडेनवमीच्या आठवडाभर आधी फौजी माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. त्या दिवसाची सुट्टी हवी होती. मी म्हटलं, सणाच्या दिवशी गेटवर कोण राहील? ते म्हणाले, दुसऱ्या पाळीचा वॉचमन, माझा जोडीदार, तयार आहे, गेली दोन वर्षं असंच केलं. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

“कारण काय?”

“फटाक्यांचं मला जमत नाही, साहेब.”

मी हसलो. लढाई केलेला माणूस फटाक्यांना भितो का, असं काहीतरी बोललो. ते हसले नाहीत. उभ्याउभ्याच, रिपोर्ट द्यावा तसं त्यांनी सांगितलं. आघाडीवर ते आणि त्यांच्याच भागातला एक सोबती एका ताटलीत जेवत बसले होते. तोफगोळा पडला. यांना खरचटलंही नाही. सोबत्याचा घास हातातच राहिला. तेव्हापासून एकापाठोपाठ एक मोठा आवाज होत राहिला, की आपण कुठे आहोत ते त्यांना कळत नाही. गावी दिवाळीत ते शेतातल्या विहिरीत पायऱ्यांवर जाऊन बसतात.

“मग मी काय करतो ते मला नंतर लोक सांगतात,” ते म्हणाले. “कोणाला लागेल, साहेब. म्हणून आधीच सांगतो.”

याहून स्पष्ट कोणी काय सांगायचं? पण मी शेठना फोटोचं कबूल करून बसलो होतो. हिरो नाही म्हटल्यावर शेठ काय म्हणतील, याचीच मला चिंता होती. मी सुट्टी नाकारली. वर त्यांना शब्द दिला. माळ गेटवर लावणार नाही, मागच्या भिंतीला बॉयलरच्या पलीकडे लावू, आणि त्या वेळी तू गेटवरच थांब. त्यांनी क्षणभर विचार केला. कानात यार्नच्या वेस्टचे, टाकाऊ धाग्यांचे, बोळे घातले तर चालेल का, विचारलं. मी म्हटलं, घाल की.

रात्री जेवताना ही गंमत म्हणून मी बायकोला सांगितली. तिला काही गंमत वाटली नाही. द्यायची होती ना सुट्टी, एवढंच म्हणाली.

खंडेनवमीला शेठ आले, शेठाणी आल्या, शेठच्या आई आल्या. त्या पांढऱ्या साडीतल्या, हडकुळ्या, काठी टेकत चालणाऱ्या. पूजा छान झाली. फौजींची बंदूक गेटवरच्या केबिनमध्ये पाटावर होती, तिच्या नळीला झेंडूची माळ. त्यांनी तिच्यातली काडतुसं आदल्या संध्याकाळीच काढून माझ्याकडे जमा केली होती. पूजेची बंदूक भरलेली नसावी, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे त्या दिवशी त्यांच्या हातात बंदूक नव्हती, आणि पाटावरची होती ती रिकामी होती.

फोटोसाठी शेठ सगळ्यांना घेऊन गेटपाशी आले. फौजींना मधोमध उभं केलं, एका बाजूला शेठ, दुसऱ्या बाजूला आई. फोटोवाल्याने मला खूण केली. फौजींच्या दोन्ही कानांतून पांढरे धागे लोंबत होते. फोटोत बरं दिसत नव्हतं. मी पुढे झालो आणि म्हणालो, “अरे फौजी, ते काढ.” त्यांनी बोळे काढले आणि मुठीत ठेवले.

फोटो झाला. तेवढ्यात शेजारच्या कारखान्याची माळ सुरू झाली आणि शेठना चेव आला. आपली माळ कुठे आहे? मी सांगितलं, मागे, बॉयलरकडे. शेठ म्हणाले, “पीछे कौन सुनेगा? यहीं गेट पर लगाओ.”

फौजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असणार की मी बोलेन. ‘शेठ, इस फौजी को तकलीफ होती है,’ एवढंच म्हणायचं होतं. किंवा काही न सांगता त्यांना एखाद्या कामाला आत पाठवायचं होतं. मी तोंड उघडलं नाही. सणाचा दिवस, शेठ खुशीत, त्यांच्यापुढे ‘नको’ कोण म्हणणार. माळ आणली, गेटच्या दांडीवरून सोडली, कोणीतरी उदबत्ती लावली.

पुढचं फार थोडा वेळ चाललं. पहिला आवाज झाला तसे फौजी वळले, शेठच्या आईंना कंबरेत धरून त्यांनी जमिनीवर घेतलं, केबिनच्या भिंतीआड ओढलं आणि स्वतः त्यांच्यावर आडवे झाले. डोक्यावर हात धरून ओरडत होते, “सिर नीचे! सिर नीचे रखो!” माळ संपेपर्यंत ते तसेच होते. लोकांनी धावत जाऊन त्यांना ओढलं, तेव्हा ते सुटून शेठच्या गाडीखाली शिरले. आईंचं मनगट मोडलं होतं, चष्मा फुटला होता. त्या रडत नव्हत्या, भांबावून इकडेतिकडे पाहत होत्या.

शेठ पांढरेफटक पडले होते. सगळ्यांदेखत, बायकामुलांदेखत त्यांनी मला विचारलं,

“आपको पता था यह ऐसा करता है?”

मी मोठ्याने म्हणालो, “नहीं शेठ. वह पिक्चर देखने के बाद इसका दिमाग फिर गया है.”

मोठ्याने अशासाठी, की सगळ्यांना ऐकू जावं. गेलं. कोणीतरी मागून ‘हिरो’ म्हणालं, दुसरा फिस्सकन हसला, आणि भीती उतरून सगळेच हसू लागले. बायको माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती.

फौजी गाडीखाली होते, शुद्धीवर आले होते, आणि त्यांनीही ते ऐकलं होतं. हे मला माहीत आहे, कारण ते बाहेर आले ते सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. गुडघ्यांना माती, गालाला ऑइल. मला वाटलं, आता हा सगळं सांगणार. त्यांनी खिशातून केबिनची किल्ली काढून माझ्या हातात दिली. आईंना हात जोडले. पाटावरची बंदूक उचलली, तिची माळ काढून परत पाटावर ठेवली, आणि गेटमधून निघून गेले. काडतुसं मागायलाही थांबले नाहीत, ती नंतर मी जोडीदाराबरोबर पाठवली.

घरी आल्यावर बायको म्हणाली, “तो सुट्टी मागत होता ना?”

मी म्हटलं, “तू यात पडू नकोस.” ती पडली नाही. पुढे कितीतरी वर्षं पडली नाही.

बोलल्याचे परिणाम व्हायचे ते झाले. सिल्वासा तेव्हा लहान होतं. डोकं फिरलेल्या माणसाला बंदुकीसह गेटवर कोण ठेवणार? दोन-तीन कारखान्यांतून माझ्याकडे चौकशीही झाली. तेव्हा तरी दुरुस्त करता आलं असतं. मी म्हणालो, माणूस सज्जन आहे, पण तुमचं तुम्ही बघा. याचा अर्थ विचारणाऱ्याला बरोबर कळतो. फौजींनी बंदूक विकल्याचं कानावर आलं. मग किलवणीला विटा वाहत होते, मग रांध्याच्या बाजूला कुठल्या प्लास्टिकच्या कारखान्यात झाडूकाम. एकदा बाजारात लांबून दिसले, तेव्हा मी भाजी न घेताच वळलो.

आणि किस्सा मात्र वाढत गेला. हातात बंदूक आली, ती मी घातली नव्हती, पण काढलीही नाही. लोक म्हणत, साहेब, तो हिरोचा किस्सा सांगा ना, आणि मी सांगायचो. निवृत्त झालो, नाशिकला परत न जाता डोकमर्डीत फ्लॅट घेतला, आणि इथेही सांगत राहिलो.

गेल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीची गोष्ट. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो होतो. बायको चॅनेल बदलत होती आणि तोच पिक्चर लागला, हिंदीत. तो पिशवी घेऊन रस्त्याने येत होता. मी म्हटलं, बदल. तिने बदललं नाही.

संपूर्ण पाहिला. या वेळी सगळं कळत होतं. ‘इसका दिमाग खराब हो गया है’ असं मी पहिल्यांदा सांगितलं, त्या जागी कोणी काहीच बोलत नव्हतं, तो नुसता चालत होता. शेवटी त्याचे जुने साहेब येतात. तो हत्यार टाकून भिंतीशी खाली बसतो आणि लहान मुलासारखा रडतो. आपल्या एका सोबत्याविषयी बोलतो, जो त्याच्या हातातच गेला. साहेब गोळी घालत नाहीत. ऐकून घेतात. मग त्याला धरून बाहेर नेतात, जिवंत.

बायको पडद्याकडेच पाहत म्हणाली, “अहो, तुम्ही तर सांगितलं होतं, मेला म्हणून.”

मी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला.

“जाऊन या,” ती म्हणाली.

पाडव्याला गेलो. पत्ता फॅक्टरीतल्या एका जुन्या माणसाने दिला. रिक्षात बसल्यापासून मी मनात वाक्यं घोळवत होतो. रांध्याच्या पुढे, कारखान्यांच्या मागे खोल्यांची एक ओळ, शेवटून दुसरी त्यांची. दाराशी खाटेवर बसले होते. तसेच वाळके, केस पांढरे, डोळ्यांत मोतीबिंदूची साय. समोर पोरं लवंगी फटाके उडवत होती. एक अगदी खाटेच्या पायाशी फुटला. मी दचकलो. ते हलले नाहीत.

सून बाहेर आली. मी कोण ते सांगितलं. ती म्हणाली, “त्यास्ले ऐकू येत नही, काका. जोरमा बोला,” आणि त्यांच्या कानाशी वाकून तिने माझं नाव असं ओरडून सांगितलं, की शेजारच्या तीन खोल्यांतून माणसं डोकावली. फौजींच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. उठायला लागले. मी खांदा धरून बसवलं.

“साहेब,” ते म्हणाले. “बसा.” मग पोरांकडे हात करून, “आता फटाक्यांचं काही वाटत नाही बघा. ऐकूच येत नाही. बरं झालं.”

मी बसलो. घोळवलेली वाक्यं हळू आवाजात बोलायची होती, दोन म्हातारे बसले आहेत आणि एक सांगतो आहे, अशी. ओरडून कशी बोलायची? शेजारी दारात उभे होते, सून पदराने हात पुसत होती. लिहून द्यावं असंही मनात आलं, पण त्यांचे डोळे गेलेले, म्हणजे कागद सूनच वाचणार, आणि तीही ओरडून. चारचौघांत मोठ्याने बोलून मी त्यांचं नाव घालवलं होतं. ते परत चारचौघांत, तितक्याच मोठ्याने द्यावं लागणार होतं. दुसरी वाटच नव्हती. आणि माझ्याने ते होईना.

मी कानाशी वाकलो आणि ओरडलो, “तो पिक्चरमधला सैनिक मेला नाही!”

शेजारी हसले. फौजींनी मान तिरकी केली. “कोण?”

“पिक्चरमधला! मी चुकीचं सांगितलं होतं! तो जिवंत राहतो!”

त्यांना आठवायला वेळ लागला. आठवलं तसे गालातल्या गालात हसले. “बरं झालं,” म्हणाले. “मग गेला कुठे?”

“माहीत नाही! पिक्चर तिथेच संपतो!”

“घरी गेला असंल,” ते म्हणाले. आणि सुनेकडे वळून, “साहेबांना ताट वाढ. जेवल्याशिवाय जायचं नाही, साहेब.”

मी जेवलो. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, वांग्याचं भरीत, वर सणाची म्हणून पुरणपोळी. ते माझ्या ताटाकडे लक्ष ठेवून होते, संपलं की सुनेला खूण करत. हात धुऊन उठलो तेव्हाही एकदा वाकलो त्यांच्या कानाशी. दारातली माणसं अजून होतीच. मी ओरडलो, “येतो!”

घरी बायकोने विचारलं, “बोललात?”

“जेवलो,” मी म्हणालो.

पुन्हा जायचं ठरवलं होतं. शेजारी कामावर गेलेले असतील अशा एखाद्या दुपारी. थंडीत दमा वाढला, मग उन्हाळा आला, मग रिक्षा मिळत नव्हती. अशी कारणं शोधायला मला कधी त्रास पडला नाही. पावसाळ्यात फौजी गेले. मला कळलं तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. इथल्या बाकावर बातमी आली ती अशी, की तो हिरो गेला.

मी त्या दिवशी तिथे ओरडून सांगायला हवं होतं ते एवढंच होतं:

फौजी, तुम्ही माझ्याकडे सुट्टी मागितली होती. कारणही सांगितलं होतं. मला सगळं माहीत होतं. मी शब्द दिला आणि माळ गेटवर लागू दिली. तुमच्या कानातले बोळे मी काढायला लावले. तो पिक्चर तुम्ही पाव तासापेक्षा जास्त पाहिलाच नव्हता. तुमच्या हातात बंदूक नव्हती. तुमचं डोकं फिरलं नव्हतं, तुम्ही त्या म्हातारीला वाचवत होतात. शेठनी विचारलं तेव्हा मी तुमच्यादेखत खोटं बोललो, आणि तुम्ही ते ऐकूनही माझी लाज राखलीत. मला माफ करा.